उसना आवाज

आमचे घरमालक कचऱ्याची पिशवी टाकायला जातानासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालत. दार उघडून उंबऱ्यावर क्षणभर थांबत, हनुवटी किंचित वर उचलत आणि मगच पाऊल बाहेर टाकत. समोर बघायला कोणी नसे. कचऱ्याचे तीन डबे, फ्राऊ श्टोल या भाडेकरू बाईंची सायकल आणि बहुतेक दिवशी धुकं. तरी ते थांबतच. पहिले काही महिने मला वाटायचं, गुडघ्यांचं दुखणं असेल. एकदा त्यांच्या बायकोला, म्हणजे आंटींना, मी तसं विचारलंही.

"घुटने ठीक हैं बेटा," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "कोई 'ऍक्शन' बोले बगैर इनका पैर नहीं उठता. तीस साल की आदत है."

जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी कामाला होतो. दोन हजार चारपासून तीन वर्षं मी त्यांच्या घरात, छपराखालच्या दोन खोल्यांत राहिलो. तळमजल्यावर ते आणि आंटी, मधल्या मजल्यावर फ्राऊ श्टोल नावाच्या निवृत्त शिक्षिका आणि वर मी. तेव्हा मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो, पण आठवतो तो सततचा थकवाच. सकाळी अंधारात जायचं, संध्याकाळी अंधारात यायचं, मधे जर्मनमध्ये चुका करायच्या. मालकांशी माझं पटलं ते बहुधा यामुळेच. तेही थकलेले होते. फक्त त्यांचा थकवा इस्त्री केलेला असे.

त्या भागातल्या श्वाबियन लोकांत केअरवोखे म्हणून एक प्रकार असतो. ज्याच्या दारावर पाटी लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना आणि घरासमोरचा रस्ता झाडायचा. मालक खुद्द जालंधरकडचे, पण या बाबतीत श्वाबियन लोकांच्याही वरताण. माझी पाळी झाली की ते जिन्याच्या कोपऱ्यातून बोट फिरवत आणि ते बोट न बोलता माझ्यापुढे धरत. फोटो काढायचा तर डाव्या बाजूनेच. जेवायला बसतानाही खिडकी डाव्या हाताला हवी. कोणी चुकून त्या खुर्चीवर बसलं तर उभे राहत, पण उजवा गाल उजेडात येऊ देत नसत.

या सगळ्याचा उलगडा मला तळघरात झाला. कपडे धुवायचं मशीन तिथे होतं आणि मशीनच्या मागच्या भिंतीला एका पंजाबी सिनेमाचं पोस्टर चिकटवलेलं होतं. ओलीने खालचा कोपरा फुगला होता. मधोमध एक देखणा, मिशीवाला तरुण. हातात तुंबी, म्हणजे ते पंजाबी गायक वाजवतात ते एका तारेचं वाद्य. मागे मोहरीचं शेत आणि ट्रॅक्टरवर बसलेली हिरॉइन. मी बराच वेळ बघत राहिलो. मालक टॉवेल घ्यायला खाली आले होते.

"पाँच फ़िलमें," ते म्हणाले. "पाँचों में हीरो." आणि टॉवेल घेऊन वर गेले.

एवढंच. मी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा ते साठीच्या पुढे होते आणि गावातल्या बसवर ड्रायव्हर होते. ऐंशीच्या दशकात पंजाबात परिस्थिती बिघडली, शूटिंगं थांबली. तेव्हा ते इथे आले. आधी हॉटेलच्या मोरीत भांडी घासली, मग गोदामात खोकी उचलली, मग परीक्षा देऊन बसचा परवाना काढला. घर कसं घेतलं, किती वर्षांत फेडलं हे ते कधी सांगत नसत. जर्मनीतल्या वीस वर्षांबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं: "आल्झो, टाइम निकल गया." आल्झो म्हणजे 'तर'.

पण बसमध्ये ते वेगळे होते.

पुढचा थांबा कुठला हे ते स्वतः माइकवर सांगत. बाकीचे ड्रायव्हर पुटपुटत, हे सांगत. 'बानहोफ' म्हणताना शेवटचा 'हो' असा काही लांबवत की स्टेशन खरंच लांबून दिसू लागावं. 'राटहाउस', म्हणजे नगरपालिका, खणखणीत, दोन तुकड्यांत. 'क्रांकनहाउस', म्हणजे इस्पितळ, म्हणताना आवाज खाली आणत, कारण त्या थांब्यावर उतरणारी माणसं काळजीत असतात, असं त्यांचं म्हणणं. आणि 'फ्रीडहोफ', म्हणजे स्मशान, हे तर जवळजवळ कुजबुजून. शाळेची मुलं मागच्या सीटवर बसून त्यांची नक्कल करत. मालकांना ते चालत असे.

त्यांची खरी श्रोती झाली माझी आई.

बाबा गेले त्याच्या पुढच्या मार्चमध्ये मी आईला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. तिला बरं वाटावं म्हणून बोलावलं होतं, पण मी दिवसभर ऑफिसात, आणि ती दोन खोल्यांत खिडकीशी बसलेली. बोलायचीही नाही फारशी. संध्याकाळी मी आलो की विचारायची, "जेवणार का?" एवढंच. शेवटी आंटींनी तिला महिन्याचा पास काढून दिला आणि मालकांच्या बसमध्ये, त्यांच्या मागच्याच सीटवर नेऊन बसवलं. त्या दिवसापासून आई रोज सकाळी दहाला डबा घेऊन बसमध्ये बसे आणि चार-पाच फेऱ्या करून परत येई. ती मराठीत बोलणार, ते पंजाबी मिसळलेल्या हिंदीत. ती त्यांना भाऊसाहेब म्हणे, ते तिला बहनजी. मधल्या मुक्कामावर दोघं डबा वाटून खात.

आई लग्नाआधी चार वर्षं गाणं शिकली होती. पुढे संसारात ते राहून गेलं. आठवड्याभराने एक दिवस ती आपणहून बोलली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा वाटला.

"हा माणूस थांबे सांगत नाही रे," ती म्हणाली. "हाक मारतो. गळा बघ कसला आहे. माइक नसता तरी शेवटच्या सीटपर्यंत गेला असता."

मी म्हटलं, "सिनेमात होते ना ते. गाणी असतील त्यांची."

"मग घरात का नाही गात?"

हे मला सुचलंच नव्हतं. खरंच, त्या घरात मी कधी गाणं ऐकलं नव्हतं. टेपवरही नाही.

एप्रिलमध्ये बसमध्ये यंत्र बसवलं गेलं. आता एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आपोआप थांबे सांगू लागला. स्वच्छ, गोड, सगळ्या थांब्यांना सारखाच. मालकांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी बटण बंद करून पुन्हा स्वतः सुरू केलं. पंधरा दिवसांनी त्यांच्या नावे पत्र आलं. ते जर्मन फाडफाड बोलत, पण सरकारी वळणाचं जर्मन वाचणं त्यांना जड जाई. शनिवारी दुपारी ते पत्र घेऊन माझ्याकडे वर आले आणि खिडकीकडे डावा गाल करून बसले.

ती आबमानुंग होती, म्हणजे नोकरीतली लेखी ताकीद. मी वाचून अर्थ सांगू लागलो. यंत्र परस्पर बंद करणं नियमाविरुद्ध आहे. ड्रायव्हरच्या घोषणा नीट कळत नाहीत, त्या गायल्यासारख्या असतात, अशी प्रवाशांची तक्रार आहे. पुन्हा असं घडलं तर—

"रुको," ते म्हणाले. "क्या लिखा है? गाने जैसा?"

"हो."

"गाता है, ऐसा लिखा है?"

मी शब्दावर बोट ठेवून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो शब्द स्वतः वाचला. मग मला पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, तक्रार करणाऱ्याचं नाव दिलंय का. नव्हतं दिलेलं.

"बीस साल में पहली बार किसी ने बोला," ते म्हणाले. "और वो भी कंप्लेंट में."

आई चहा घेऊन आली होती, ती तिथेच टेकली. त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं ते मी तिला मराठीत सांगत गेलो. आधी मध्येमध्ये, मग सलग.

सोळाव्या वर्षापासून ते गावोगावच्या जत्रांत गात. पंजाबात मोकळ्या मैदानात गाण्याचे आखाडे भरत, लोक जमिनीवर बसत. लाउडस्पीकर सगळीकडे नसे. एका हाताने तुंबी वाजवत दुसरा कानावर ठेवायचा आणि शेवटच्या रांगेतला म्हातारा मान हलवील इतकं मोठ्याने गायचं, एवढंच त्यांचं शिक्षण. रेकॉर्डी निघाल्या, लग्नांची बोलावणी येऊ लागली. मग एका निर्मात्याने रेकॉर्डच्या वेष्टनावरचा त्यांचा फोटो पाहिला. गाणारा हीरो, असा चेहरा, आणखी काय हवं? गाणी ध्वनिमुद्रित करायला त्यांना मुंबईला नेलं. स्टुडिओत दोन दिवस गायले. माइकपासून चार हात लांब उभं केलं, दाराजवळ उभं केलं, तरी यंत्राचा काटा पलीकडे जाऊन थांबे. तिसऱ्या दिवशी संगीतकाराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उसने कहा, शकल बहुत अच्छी है. आवाज़ किसी और की ले लेंगे."

"आणि तुम्ही हो म्हणालात?" आईने मराठीतच विचारलं. त्यांना कळलं.

"बहनजी, मैंने सोचा, एक ही फ़िलम की बात है."

मुंबईच्या एका मुरलेल्या गायकाने ती गाणी म्हटली. पोस्टरवर फोटो यांचा. सिनेमा चालला, गाणी त्याहून चालली. घराघरांत, ट्रकांत, लग्नांत तीच गाणी. आणि पुढच्या हंगामात हे आखाड्यात उभे राहिले तेव्हा लोकांनी सिनेमातलं गाणं मागितलं. यांनी म्हटलं. स्वतःच्या गळ्याने म्हटलं. लोक आधी गप्प झाले, मग कोणीतरी ओरडलं, सर्दी झाली का? फिल्मवालं म्हण.

"लोगों का क्या कसूर. उनके लिए मेरी आवाज़ वही थी."

मग ते त्या गायकाची नक्कल करू लागले. आवाज बारीक करायचा, गोड करायचा, नाकात घ्यायचा. पुढच्या चार सिनेमांतही तोच गायक. आखाड्यात नक्कल, पडद्यावर ओठ हलवणं. असं पाच-सहा वर्षं चाललं. एके दिवशी शेतात एकटे असताना त्यांनी आपलं जुनं गाणं म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज निघाला तो त्या दुसऱ्याचाच. त्या दिवसापासून गाणं बंद.

"बस में कैसे लौटा पता नहीं," ते म्हणाले. "यहाँ किसी ने वो फ़िलम नहीं देखी ना. शायद इसलिए. एक दिन 'बानहोफ' बोला, तो मैंने ही पीछे मुड़ के देखा, कौन है."

बोलायला हवं होतं ते मी, आणि मी बोललो ते असं: "अंकल, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. यंत्र चालू राहू द्या. मी माफीचं पत्र लिहून देतो."

आज मला ते वाक्य आठवलं की बसल्या जागी अस्वस्थ व्हायला होतं. पण तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. मीही रोज ऑफिसात तेच करत होतो. चूक नसली तरी लिहून द्यायचं आणि घरी यायचं. मी चांगल्या जर्मनमध्ये पत्र लिहिलं. असं पुन्हा होणार नाही, असं शेवटी लिहिलं. त्यांनी न वाचता सही केली. मोठी, वळणदार, फोटोवर करतात तशी.

सोमवारपासून बसमध्ये ती बाई बोलू लागली. आईने दोन दिवस फेऱ्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी डबा न भरता बसून राहिली.

"जात नाहीस?"

"कशाला? ते मान ताठ करून गाडी चालवतात. माझ्याकडेही बघत नाहीत." मग भांडी आवरता आवरता म्हणाली, "तू लिहायला नको होतंस ते पत्र."

मी बॅग उचलून ऑफिसला निघालो.

मे महिन्यात श्टुटगार्टजवळच्या एका सभागृहात भारतीय मंडळींचा कार्यक्रम होता. आयोजकांपैकी कोणाला तरी मालकांचा पत्ता लागला. प्रमुख पाहुणे म्हणून या, आणि तुमचं ते गाजलेलं गाणं आम्ही सीडीवर लावू, तुम्ही फक्त स्टेजवर उभं राहून ओठ हलवा, असं त्यांनी फोनवर सांगितलं. आंटी मला जिन्यात म्हणाल्या, आता बघ कसं फोन आपटतील. पण मालक "जी, ज़रूर" म्हणाले.

आंटी, आई आणि मी गेलो. मला वाटत होतं, ते ऐन वेळी सीडी थांबवतील आणि स्वतः गातील. सिनेमात तसंच होतं. तीनशे माणसं, समोशांचा वास, मुलं जर्मनमध्ये ओरडत खुर्च्यांमधून पळतायत. गाणं सुरू झालं. गोड, बारीक, नाकातला आवाज. आणि मालकांनी ओठ हलवायला सुरुवात केली.

मी अभिनय म्हणून जे काही पाहिलं आहे त्यात ते वेगळं काढून ठेवावं लागेल. श्वास कुठे घ्यायचा, तान घेताना गळ्याची शीर कधी ताठ व्हायची, शब्द संपल्यावर ओठ किती वेळ उघडे राहायचे, सगळं त्या आवाजाशी तंतोतंत जुळलेलं. साठी उलटलेल्या माणसाच्या अंगात बत्तीस वर्षांचा माणूस येऊन उभा राहिला. हात पसरला की समोर शेत दिसावं. लोक उठून नाचू लागले. पुढच्या रांगेतले पिकल्या दाढीचे दोन पंजाबी रडत होते.

"अगं बाई," आई म्हणाली, "काय काम करतो हा माणूस!" आणि लगेच गप्प झाली, जणू आपण फितूर झालो.

परत येताना ते माझ्या गाडीत पुढे बसले होते, डोळे मिटून. मेकअपची पावडर कॉलरवर सांडली होती. आईने मागून विचारलं, "भाऊसाहेब, तुमचं स्वतःचं कधी ऐकवणार?"

मी हिंदीत सांगायला लागलो, त्यांनी हात वर केला. कळलं होतं.

"बहनजी, लोग जो लेने आए थे, वो दे दिया. मेरा वाला कहाँ रखा है, मुझे भी याद नहीं."

आंटींनी मागून हात पुढे करून त्यांच्या कॉलरवरची पावडर झटकली.

जूनमध्ये आई परत गेली. दर रविवारी मी फोन कार्डावरचे आकडे दाबून तिला फोन करी. तब्येत, हवा, लग्नाचं काय, हे सगळं झालं की शेवटी ती विचारी, "म्हणाले का रे?" मी म्हणे, नाही. पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. मालक निवृत्त झाले. बसवाल्यांनी त्यांना फुलांची कुंडी दिली. कचरा टाकायला जाताना ते आता उंबऱ्यावर जरा जास्तच वेळ थांबत.

दोन हजार सातच्या सप्टेंबरअखेर मला डार्मश्टाटला नोकरी मिळाली. सामान आदल्या दिवशीच गेलं होतं. घर ताब्यात द्यायचं म्हणून मालक यादी आणि पेन घेऊन वर आले. सगळ्या भिंती बोटाने तपासल्या. खिळ्यांची सात भोकं सापडली. ती बुजवून द्या म्हणाले. मी पुट्टीचा डबा आणि पत्रा घेऊन भिंतीशी उभा राहिलो, ते खोलीच्या मधोमध यादीवर खुणा करत होते. दुपारचा दीड वाजला होता.

त्यांना खोकला आला. रिकाम्या खोलीत तो मोठा होऊन परत आला.

त्यांनी छताकडे पाहिलं. पुन्हा एकदा खोकले, या वेळी मुद्दाम. ऐकलं. यादी खिडकीत ठेवली. उजवा हात कानावर नेला.

आवाज मोठा होता, एवढंच आधी कळलं. सुरेल की बेसूर हे ठरवायला मला जागाच उरली नाही. खरखरीत, जाड, चिरलेल्या बांबूसारखा. पहिल्या ओळीत तो दोनदा फाटला. ते थांबले नाहीत, फाटलेल्या जागेवरूनच वर गेले. शब्द मला कळत नव्हते, पंजाबी फार जुनी होती. कुणाला तरी लांबून बोलावणं चाललं होतं, एवढं समजलं. खिडकीची काच थरथरली. पुट्टी माझ्या हातातच सुकली. आंटी धावत वर आल्या, हातात कणीक तशीच, आणि दाराशी जमिनीवर बसल्या. तोंडावर धरायला ओढणी नव्हती, म्हणून कणकेचाच हात धरला.

किती वेळ झाला सांगता येत नाही. गाणं संपलं तेव्हा दारात फ्राऊ श्टोल उभ्या होत्या, घरातल्या सपाता घालून.

"दुपारी एक ते तीन विश्रांतीची वेळ असते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, रेडिओ मोठा केलाय."

मालक धापा टाकत होते. घाम गालांवरून गळत होता, दोन्ही गालांवरून, आणि उजेड कुठून येतोय याचं त्यांना भान नव्हतं.

"नाइन, फ्राऊ श्टोल," ते म्हणाले. "दास बिन इश." नाही, तो मी आहे.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. शिक्षिका विद्यार्थ्याकडे पाहते तसं. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"मग तीन वाजल्यानंतर गा," त्या म्हणाल्या. "मी खिडकी उघडी ठेवते." आणि खाली गेल्या.

खोलीत खुर्ची नव्हती. मालक भिंतीला टेकून आंटींशेजारी जमिनीवर बसले. मी खिशातलं फोन कार्ड काढून त्यावर किती मिनिटं उरली आहेत ते आठवू लागलो. इथे तीन वाजतील तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजलेले असणार, आई घरीच असते. आम्ही तिघं तीन वाजायची वाट पाहत बसलो.